शेषराव भोपळे आणि न बोलायची दिशा

हिवरखेडच्या भोपळ्यांना आडनावावरून हसणाऱ्यांनी आधी त्यांचा मळा पाहून यायला हवा होता. वांगी, मिरची, मेथी, सांबार, बांधाच्या कडेनं झेंडू, सगळं काही व्हायचं तिथं. भोपळा तेवढा कधी कुणी लावला नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला सांबारच म्हणतात, पुण्याकडच्या मंडळींनी उगाच इडली शोधू नये. तर या मळ्यातला शेषराव भोपळे, मॅट्रिक झालेला, अंगानं किडकिडीत, बोलायला सावकाश, हा माणूस पुढं विमानांना आभाळात वाट दाखवायच्या कामाला लागला. गावात कुणाला ते खरं वाटेना. स्वतःच्या वरातीत घोडी भलत्याच गल्लीत शिरली तरी जो तोंडातून अवाक्षर काढणार नाही, तो विमान काय वळवणार, असं लोक उघड म्हणत. शेषराव ऐकून घ्यायचा आणि पुन्हा दारं धरायला वाकायचा. दारं धरायचं म्हणजे मोटेचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. त्या कामाला बसला की त्याची नजर पाण्यावरून हलत नसे. वाफा भरून बांध फुटला, असं त्याच्या हातून कधी झालं नाही.

या माणसाची गोष्ट सांगायची तर आधी हिवरखेडच्या दिशा सांगाव्या लागतात. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. एका बाजूला मान वर करून पाहावा असा डोंगर, त्याच्या पोटात मेळघाटचं रान, त्यापलीकडे धारणी. दुसऱ्या बाजूला काळी जमीन उतरत उतरत पूर्णा नदीला जाऊन मिळते आणि पूर्णा ओलांडली की अकोला. म्हणून गावाला रोजच्या दिशा दोनच. डोंगराकडे ते वरतं आणि अकोल्याकडे ते खालतं. अमका खालतं गेला म्हणजे अकोल्याच्या बाजाराला गेला, विहिरीत उतरला असं कुणी समजत नसे. उत्तर आणि दक्षिण हे शब्द गावाला माहीत होते, पण ते शाळेपुरते आणि पंचांगापुरते.

भोपळ्यांच्या घरात तर दक्षिण हा शब्द उच्चारायचीच बंदी होती. ही बंदी घातली शेषरावाच्या आईनं, पार्बताबाईनं. शेषरावाचा बाप पुंजाराम एका श्रावणात भाजीची बैलगाडी घेऊन पहाटेच अकोल्याला निघाला. वेशीपाशी नत्थुजी भेटला. या नत्थुजीला पंचांग वाचायचा भारी सोस, आणि वाचलेलं पोटात ठेवायची सवय नाही. त्यानं हसत हसत टोकलं, गुरुवारचा दिवस, दिशाशूळ असताना दक्षिणेले कुठी चालला, पुंजाराम? पुंजारामानं हसण्यावारी नेलं. पूर्णेला पाणी चढलं होतं, गाडी नदी ओलांडायच्या उतारात घातली आणि गाडी, बैल, माणूस काही म्हणजे काही परत आलं नाही.

पार्बताबाईनं पंचांगाला दोष दिला नाही आणि नदीलाही दिला नाही. तिचा राग त्या शब्दावर. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, वाटेवरच्या माणसाला तिचं नाव घेऊन कुणी हाक मारतं का, असं ती म्हणे. नत्थुजीशी तर ती जन्मभर बोलली नाही. तेव्हापासून घरात तो शब्द बंद. लहानपणी शाळेचा धडा मोठ्यानं म्हणतानासुद्धा शेषराव पूर्व, पश्चिम, उत्तर म्हणायचा आणि चौथीच्या जागी थांबून ओठ मिटायचा. मास्तर छडी मारायचे. पोरगा छडी खायचा, पण घरी जाऊन आईला सांगायचा नाही की छडी कशासाठी पडली. आता याला कुणी भोळसट म्हणेल. म्हणो बापडे. आईचा जीव जपण्यासाठी रोज छडी खाणारं पोर भोळसट असेल, तर तसली पोरं जगात थोडी जास्त असायला हरकत नव्हती.

महायुद्ध पेटलं, आणि अकोल्याला मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या शेषरावानं विमानदलात नाव घातलं. शिक्षणासाठी त्याला म्हैसूर मुलखाकडे धाडलं. गावात कुणी विचारलं की पार्बताबाई सांगायची, शेष्या खालतं गेला. किती खालतं, असं विचारलं की म्हणायची, लय खालतं. याहून पुढं तिनं त्या दिशेचं नाव घेतलं नाही ते नाहीच. शेषरावाची मात्र तिथं सुटका झाली. तिथं सगळी भाषा इंग्रजी, दिशेला म्हणायचं साउथ. हा शब्द आईला कळत नव्हता, त्यामुळं यमालाही कळत नसावा असं धरून शेषराव तो बिनघोर बोलू लागला.

तिथं तो रडारचं काम शिकला. परत आला तो अकोला आणि बार्शीटाकळीच्या मधल्या एका टेकाडावर, नव्या ठाण्यावर. टेकाडावर दोन बंद मोटारी उभ्या. एकीच्या टपावर लोखंडी जाळीची मोठी चौकट गरगर फिरायची. आसपासच्या खेड्यांनी तिचं नाव ठेवलं बाज. सरकारनं टेकाडावर बाज टांगली आणि तिच्यावर कुणी निजत नाही, याचं लोकांना फार नवल. काही बाया येता-जाता तिला हात जोडायच्या. शेषरावाला सक्त ताकीद होती की कुणाला काही सांगायचं नाही, म्हणून तो विचारणाऱ्याला म्हणायचा, हवा पाहायचं यंत्र हे. हे तसं अगदीच खोटं नव्हतं.

खरी गोष्ट अशी की ती बाज आभाळात लहरी सोडायची, लहरी विमानावर आपटून परत यायच्या, आणि मोटारीच्या आत अंधारात एका गोल काचेवर हिरवा ठिपका उमटायचा. काचेवरून एक हिरवी रेघ सारखी फिरत राहायची आणि तिच्या प्रत्येक फेऱ्याला ठिपका थोडा पुढं सरकलेला दिसायचा. त्यावरून विमान कोणत्या दिशेला आहे, किती लांब आहे, ते सांगता यायचं. उंची मात्र कळत नसे. काचेला आभाळ सपाट. आणखी एक, विमान जमिनीलगत उतरलं की लहरी त्याच्यापर्यंत नीट पोचत नसत, ठिपका मंद व्हायचा आणि मग दिसेनासाच व्हायचा. काचेच्या वरच्या कडेला सातपुड्याचा मोठा डाग कायमचा बसलेला. त्याच्या अलीकडे कुठंतरी आपला मळा, हे शेषरावाला न मोजता ठाऊक होतं.

ठाण्याचा प्रमुख पेंबर्टन साहेब, उन्हानं लाल झालेला पण मनाचा बरा माणूस. बिजलीचं इंजिन सांभाळायला रामराव नावाचा बार्शीटाकळीचा गडी. शेषराव काचेवर बसायचा, ठिपक्याचा पत्ता सांगायचा आणि साहेब वायरलेसवरून वैमानिकाशी बोलायचा. शेषरावाचं वेगळेपण असं की बाकीचे लोक काचेवरच्या ठिपक्याला ठिपका म्हणायचे आणि हा पाव्हना म्हणायचा. आला आपला पाव्हना, असं पुटपुटायचा आणि तो पाव्हना काचेच्या दुसऱ्या कडेनं निघून जाईपर्यंत जागचा हलायचा नाही. रामराव चेष्टा करायचा, तुझ्या पाव्हन्याले चहा पाठवू का म्हणून. शेषराव त्याला समजावायचा की बावा, त्या ठिपक्यात माणूस बसला हे, त्याची बी माय कुठं तरी वाट पाहून राहिली असन. हे बोलताना त्याचा चेहरा इतका गंभीर व्हायचा की रामरावाची चेष्टा तिथंच संपायची.

एकदा मात्र रामरावानं त्याला चांगलाच धारेवर धरला होता. शेषराव त्याला म्हणाला, तुहा डबा खालतं ठेवला हे. रामराव भर उन्हात टेकाड उतरून पायथ्याशी गेला, झुडपं शोधली, घामाघूम होऊन परत चढला. डबा मोटारीच्याच पलीकडच्या अंगाला सावलीत होता. टेकाड अकोल्याच्याही पुढं, तरी डोंगराकडे पाठ केलेली ती बाजू शेषरावाच्या लेखी खालतंच होती. बार्शीटाकळीच्या माणसाला डोंगराचा हिशेब कुठून कळावा? तुह्या हिवरखेडच्या दिशा तुह्या खिशात ठेव, असं रामरावानं सुनावलं आणि पुढं कितीतरी दिवस ठाण्यावर तो विनोद चालला. शेषरावही हसला. त्या हसण्यातून काही शिकायला हवं होतं, ते राहून गेलं.

युद्ध संपलं. ठाणं बंद व्हायच्या वाटेवर आलं, निम्मी माणसं घरी गेली. सेहेचाळीस सालच्या मे महिन्यात, उन्हं कलायच्या सुमाराला, वावधन सुटलं. वावधन म्हणजे आमच्याकडचं उन्हाळी वादळ. ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. सगळ्या नांगरलेल्या वावरांची माती एकदम उठते आणि भरदिवसा हाताचं बोट दिसेनासं होतं. अशा वेळी मुंबईकडून नागपूरला जाणारं विमानदलाचं एक विमान वादळाला वळसा घालायला गेलं आणि वाट चुकलं. आत युद्धावरून घरी चाललेले शिपाई होते. तेल कमी राहिलं होतं. अकोल्याच्या धावपट्टीवर वादळ सरून चाललं होतं, तिथं उतरता आलं असतं, पण विमान कुठं आहे हे वैमानिकालाच माहीत नव्हतं. आपण पूर्णेच्या सपाटीवर आहोत असं तो धरून चालला होता.

काचेवर शेषरावाला दिसत होतं की तो सपाटीवर नाही. ठिपका हिवरखेड ओलांडून डोंगराच्या डागाकडे सरकत होता.

साहेब वायरलेसवर ओरडत होता. पण आभाळात विजा, त्यांची खरखर इतकी की साहेबाचं नाकातलं इंग्रजी तिकडे पोचेना. वैमानिक पुन्हा पुन्हा विचारी, काय म्हणालात? साहेबाचा घसा बसला तेव्हा त्यानं बोलायचा चोंगा शेषरावाच्या हातात दिला. शेषरावाचं इंग्रजी साहेबाहून साधं, तरी तेही खरखरीत बुडालं. आणि मग वैमानिक स्वतःशीच वैतागून पुटपुटला, ते पुटपुटणं मात्र टेकाडावर लख्ख ऐकू आलं.

"काय बोंबलून राहिले बावा हे. एक अक्षर समजून नाई राहिलं."

अंधारात, घामात, त्या लोखंडी खोक्यात शेषरावाच्या अंगावर काटा आला. वायरलेसवर इंग्रजीखेरीज बोलायचं नाही असा नियम होता. नियम त्यानं बाजूला ठेवला आणि विचारलं, बावा, तुमी कुठचे? तिकडून थक्क झालेला आवाज आला, अमरावतीचा, उत्तमराव देशमुख. मायबोलीचं असंच असतं. अर्ध्या अक्षरावरून पुरता शब्द कळतो. खरखर तेवढीच होती, पण आता दोघांना एकमेकांचं सगळं समजू लागलं.

"मी हिवरखेडचा शेषराव," तो म्हणाला. "अकोल्याच्या टेकाडावरून बोलून राहिलो. तुमी मले दिसून राहिले."

पुढं उत्तमराव सांगायचा की चारी बाजूंनी माती, समोरची काच काळी, मागं शिपाई रामनाम घेताहेत, अशा वेळी कुणीतरी आपल्या बोलीत म्हणालं, तुमी मले दिसून राहिले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आता आपण मरत नाही, असं त्याला वाटून गेलं. आणि नेमकं तिथंच मरण अगदी हाताशी आलं.

कारण आता शेषरावाला दिशा सांगायची होती. डोंगर सोडा आणि अकोल्याकडे वळा, एवढंच सांगायचं. इंग्रजीत असता तर साउथ म्हणून मोकळा झाला असता. पण जीभ घरात शिरली होती, आणि घरात तो शब्द बंद होता. संकटात सापडलेल्या, वाटेवरच्या माणसाला यमाच्या दिशेचं नाव घेऊन कोण हाक मारील? त्यानं विचारही केला नाही. आई जसं म्हणाली असती तसं, त्याच मायेनं तो म्हणाला, खालतं घ्या. चिंता नोका करू बावा, खालतं घ्या.

उत्तमराव अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, शहरात वाढलेला. त्याच्या लेखी खालतं म्हणजे खाली. शिवाय मातीच्या ढगाखाली उतरून जमीन एकदा डोळ्यांनी पाहावी, ही त्याच्याच मनातली गोष्ट. त्यानं विमानाचं नाक खाली केलं.

काचेवर रेघ फिरली. ठिपका वळला नव्हता. शेषरावाला वाटलं, वळायला वेळ लागतो. रेघ पुन्हा फिरली. ठिपका तसाच डोंगराकडे, आणि जरासा मंद. पुढच्या फेऱ्याला आणखी मंद.

मंद कशानं? वादळानं होऊ शकतं, विजांनी होऊ शकतं. नाहीतर विमान खाली चाललंय. आणि मग त्याला रामरावाचा डबा आठवला. टेकाड उतरून घामाघूम झालेला रामराव आठवला. खालतं हा आपला शब्द, जगाचा नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

आता वर घ्या म्हणावं, तर तेही फसवं. उत्तमराव शब्द बरोबर समजला असेल, नुकताच वळायला लागला असेल, तर हिवरखेडच्या हिशेबानं वरतं म्हणजे पुन्हा डोंगर. एका दुतोंडी शब्दाला दुसरा दुतोंडी शब्द जोडून चालणार नव्हतं. एकच अर्थ निघेल असंच बोलायला हवं होतं, आणि त्याच्याआधी आपण चुकलो हे सांगायला हवं होतं, नाहीतर पलीकडचा माणूस पहिल्याच शब्दाला धरून बसेल. साहेब मागं उभा होता. त्याला वऱ्हाडीतलं अवाक्षर कळत नव्हतं. चूक झाकायची तर याहून सोयीची जागा नव्हती. पण शेषरावाच्या मनात ते आलंच नाही, आणि या माणसाबद्दल जे काही चांगलं सांगायचं ते या एका गोष्टीत आलं.

"उत्तमराव, माहा शब्द चुकला," तो म्हणाला. आवाज चढला नाही की कापला नाही. "तुमी डोंगरात आहा. आधी आभाळाकडे उचला. जमीन सोडा."

तिकडे इंजिनं घुमली. काचेवर रेघ फिरली आणि डागाच्या अगदी कडेला काही म्हणजे काही दिसलं नाही. आणखी एक फेरा, तरी नाही. रामराव दारात येऊन उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मग ठिपका उमटला, फिकट, पण उमटला. पुढच्या फेऱ्याला उजळला.

उंची मिळाली होती. दिशा राहिली होती. शेषरावानं ओठ मिटले, अगदी शाळेत मिटायचा तसे. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द आपल्या बोलीत, खणखणीत उच्चारला.

"आता दक्षिणेकडे वळवा. दक्षिण, उत्तमराव. दक्षिणेकडे."

ठिपका वळला. काचेवरून तो हिवरखेडवरून, तेल्हाऱ्यावरून, पूर्णेवरून सरळ मधोमध येत राहिला आणि शेषराव त्याला धीर देत राहिला, की आता पूर्णा ओलांडली, आता धूळ संपन, आता समोर पाहा. विमान धावपट्टीवर टेकलं तेव्हा रामरावानं त्याला मिठी मारली. साहेबानं त्याचा हात हातात घेऊन इतका हलवला की खांदा दुखला. शेषरावानं चोंगा खाली ठेवला, साहेबाला सांगितलं की इंग्रजी सोडून बोललो आणि बोलण्यात माझी अशी अशी चूक झाली, माणसं माझ्यामुळं मरायची होती. साहेबानं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, चूक झाली ती तुला कळली आणि तू ती वेळेवर बोललास, माझ्या नोकरीत असे लोक मी फार पाहिले नाहीत. शेषराव बाहेर आला आणि बाजेखाली बसून मुकाट्यानं रडला. रामरावानं त्याला चहा आणून दिला आणि त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

आठवडाभरानं तो सुट्टीवर घरी गेला. पार्बताबाईनं आपण होऊन सांगितलं, की त्या दिवशी वावधनात एक विमान मळ्यावरून डोंगराकडे गेलं, अन् आवाज असा खोल खोल गेला का मले वाटलं, गेले बिचारे. मंग तोच आवाज परत आला. म्या बसल्या जागी हात जोडले बाप्पा. शेषरावानं हे सगळं ऐकलं आणि आपलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? विमान परत कशानं आलं ते सांगायचं, तर तो शब्द घरात आणावा लागला असता.

पावसाळा सरताना ठाणं बंद झालं. बाज उतरवली, मोटारी गेल्या, टेकाडावर पुन्हा शेरडं चरू लागली. शेषराव मळ्यात परत आला आणि दारं धरू लागला. विमानं गेली, भोपळे राहिले, असं लोक म्हणाले. तोही हसला. खालतं हा शब्द मात्र त्यानं सोडला. कुणी वाट विचारली तर अकोल्याकडे म्हणायचा, डोंगराकडे म्हणायचा, आणि समोरच्याला कळलं की नाही हे पुन्हा विचारून घ्यायचा. गावाला ते शहरी खूळ वाटलं.

हिवाळ्यात, वांगी भरात असताना, हिवरखेडच्या पारापाशी एक मोटार येऊन थांबली. आतून उंच, गोरा, विमानदलाच्या कोटातला तरुण उतरला आणि शेषराव भोपळ्यांचा मळा कुठी म्हणून विचारू लागला. पारावरच्या मंडळींनी एका आवाजात सांगितलं, हे काय, असे खालतं जा. तरुण दचकून आधी पायांखाली पाहू लागला आणि मग एकटाच इतका हसला की मंडळींना वाटलं, डोक्यात उन्हाळा राहिला असन. तो उत्तमराव होता.

मळ्यात त्यानं शेषरावाला पाहिलं, आणि दोघे बांधावर नुसते हात धरून उभे राहिले. पार्बताबाईनं वांगी भाजून भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या. जेवता जेवता उत्तमरावानं सगळी हकीकत सांगितली. त्याला काय माहीत की या घरात ती अजून कुणी सांगितली नाही? शेषराव खुणा करत होता, विषय बदलत होता, आईला मिरची आण म्हणत होता. पण बोलायला बसलेला अमरावतीकर आटोपतो होय! तो रंगात येऊन म्हणाला, अन् मंग शेषराव मले म्हणाले, दक्षिणेकडे वळवा.

पार्बताबाईचा भाकरीवरचा हात थांबला. शेषरावानं मान खाली घातली. छडी खाल्लेल्या वयाचं तोंड झालं त्याचं.

भाकर तव्यावर टाकून तिनं विचारलं, "मंग वळलं?"

"वळलं, माय. म्हून तं तुह्या हातची भाकर खाऊन राहिलो."

तव्यावरची भाकर करपली, पण तिनं ती उलटली नाही. मग उठून विहिरीकडे गेली आणि तिथं उभी राहून किती तरी वेळ अकोल्याकडच्या शिवाराकडे, पूर्णेच्या बाजूला पाहत राहिली. शेषराव मागं गेला नाही. उत्तमरावाला आपलं काय चुकलं ते कळेना. शेषरावानं हळू आवाजात बापाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो वाटीतलं भरीत तसंच ठेवून बसला.

उन्हं उतरायच्या आत निघायला हवं होतं. अमरावतीला जायची मोटारीची वाट अकोल्यावरूनच. शेषराव पाहुण्याला निरोप देऊन दारं धरायला वाकला, कारण आईच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची हिंमत नव्हती. पार्बताबाई मोटारीपाशी आली. उत्तमरावाच्या तळहातावर तिनं दही ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वाटेवरच्या माणसाला कुठी जाता असं तिनं पुंजारामानंतर कधी विचारलं नव्हतं, आणि कुणाला विचारू दिलं नव्हतं.

"दक्षिणेकडून जाय, बापू," ती म्हणाली, अगदी मळाभर ऐकू जाईल अशी. "अन् घरी पोच."

मोटार गेली. शेषराव फावडं हातात घेऊन तसाच वाकलेला होता. वाफा केव्हाच भरला होता, बांध फुटून पाणी त्याच्या पायांवरून मेथीत चाललं होतं, आणि त्याला ते दिसत नव्हतं.